फुकटखाऊ वेल

लाज वाटते सांगायला, पण सांगतोच.

पस्तीस वर्षं कारखान्यात फोरमन होतो. माझ्यापुढे कोणाची तोंड उघडायची टाप नव्हती. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. आता घरात सून आणि मागच्या बागेत तिचे किवीचे दोन वेल, एवढ्यांवरच माझी फोरमनकी चालायची.

पाच वर्षं तिने ते वेल पोटच्या पोरासारखे वाढवले. पाचव्या वर्षी एकाला सतरा फळं धरली. दुसऱ्याला नुसती फुलं! "फुकटखाऊ लेकाचा," मी येता-जाता म्हणायचो. पानगळ झाली, सून कामावर गेली होती आणि माझे हात शिवशिवले. आरी घेतली, फुकटखाऊ बुंध्यापासून उडवला आणि खुंटावर माती ओढली. म्हटलं, आता खतपाणी सगळं कमावत्याला.

संध्याकाळी सून मांडवाखाली थबकली. "बाबा, नर वेल कुठे गेला?"

"नर?"

"अहो, त्याची फुलं नसली तर दुसऱ्याला फळं धरत नाहीत. सांगितलं होतं की तुम्हाला."

सांगितलं असेलही. मी कधी कोणाचं ऐकलंय? तोंडून निघून गेलं, "अगं, शेजारच्या मांजरीने मुळं कुरतडली. पार वाळला होता, काढून टाकला."

खोटं पटण्यासारखं होतं. किवीच्या मुळांच्या वासाने मांजरं वेडी होतात, आणि शेजारच्या नर्सबाईंची एकडोळी ठमी रोज तिथेच लोळायची.

कुंपणापलीकडे बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. बाई एकट्या, ठमीशिवाय घरात बोलायला कोणी नाही. "पोरीची पाच वर्षांची मेहनत हो," म्हणत त्या रडवेल्या झाल्या. रविवारी ठमीला टोपलीत घालून दुसऱ्या गावी बहिणीकडे द्यायला निघाल्या. मी नेमका फाटकात उभा.

"भाऊ, झाकण नीट बसत नाहीये. जरा धरता का?"

मी धरलं. वरून दोरीची पक्की गाठही मारून दिली. आतून ती ओरडत होती.

सगळी थंडी मी त्यांची नजर चुकवत काढली. सांगायला जायचो आणि हवापाण्यावर बोलून परत यायचो.

मग खुंटाला कोंब फुटला. सुनेने बोटाने माती सारली. आरीचा सपाट काप उघडा पडला. "जगला म्हणायचा," एवढंच बोलली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तसाच उठून नर्सबाईंकडे गेलो. "बाई, वेल मी कापला. ठमीचा काही दोष नव्हता. चला, आत्ता जाऊन तिला घेऊन येऊ."

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "ती तिथून तिसऱ्याच दिवशी पळाली, भाऊ. इकडेच यायला निघाली असेल."

आता कोंबाच्या वासाने गल्लीभरची मांजरं बागेत येतात. सून म्हणाली, जाळी लावू. मी म्हटलं, थोडे दिवस थांब. सकाळी उठलो की मांडवाखाली खुर्ची टाकून बसतो आणि आलेल्या प्रत्येक मांजराचे डोळे बघतो. सगळ्यांना दोन-दोन असतात.