नावेचं लोखंड

"तात्या, वर या! ह्या काचंतनं अणुभट्टी दिसत्या," माधवनं हाक मारली.

जोतीराम मिस्त्री खालीच भट्टीजवळच्या एका पंपाशी रेंगाळला होता. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या लेकानं मोठ्या हौसेनं त्याला हे जुनं, अणुशक्तीवर चालणारं व्यापारी जहाज दाखवायला आणलं होतं. आता ते कायमचं धक्क्याला लागलं होतं, तिकीट काढून बघायला. पण ज्याची हयात कोल्हापुरात मंगळवार पेठेत पंप दुरुस्त करण्यात गेली, त्याला भट्टीचं काय कौतुक! पंपाखाली एक वॉशर पडला होता. पडलेला वॉशर उचलायचा, ही चाळीस वर्षांची खोड. शिवाय नावेचं लोखंड अंगावर असलं की लेकराला बाधा होत नाही, असं त्याची आई म्हणायची. त्यानं तो खिशात टाकला आणि कोल्हापूरला घरी आल्या आल्या लेकीच्या आठ महिन्यांच्या पोरीच्या करगोट्यात ओवला.

दोन महिने जहाजाच्या बढाया चालल्या. एका दुपारी दुकानात विज्ञान शिकवणारे अंबादास मास्तर ऐकत बसले होते.

"मिस्त्री, तिथलं काही आणलं नाहीत ना? भट्टीजवळच्या लोखंडात किरणं मुरतात म्हणे. दिसत नाहीत, वास येत नाही. लहान पोरांना फार वाईट."

"बारीकसं कायतरी असलं तर?"

"कुठलं, त्यावर आहे. काही नसेलही. पण इथं मोजणार कोण?"

दुकान उघडं टाकून जोतीराम घरी धावला. झोपलेल्या पोरीचा करगोटा कापला आणि डब्यात घालून घरामागच्या परड्यात खोल पुरला.

दुसऱ्या दिवशी पोर तापली.

"करगोटा कुणी काढला?" त्याची लेक श्यामला कडाडली. "काल काढला नि आज ताप! तात्या, नावंचं लोखंड म्हणून तुम्हीच बांधलासा की. आणा, परत बांधते."

पोर त्याच्याच मांडीवर होती. हरवला म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण यंत्राच्या बाबतीत तो गिऱ्हाइकाशीही कधी खोटं बोलला नव्हता.

"श्यामला, ते वायसर इखारी असंल. अणूच्या भट्टीजवळचं हाय. न इचारता उचललतं मी. दोन म्हैनं पोरीच्या अंगाला हुतं."

"मग आता काय हुईल हिला?"

"कुणालाच ठावं न्हाय."

श्यामलानं पोर उचलली आणि त्याच्याकडे पाठ करून भिंतीशी जाऊन बसली. तिच्या खांद्यावरून पोर आजोबाकडे हात पसरत होती. जोतीरामनं आपले हात मांडीखाली दाबून धरले.