कान कुणी ओढला?

फणसवाडीतल्या त्या दोन खोल्यांत सकाळी वेणीफणी सुरू झाली की नलू नेहमी आईच्या उजव्या बाजूला बसायची. डावीकडे ऐसपैस जागा असली तरी तिकडे फिरकायची नाही. सहा वर्षांच्या पोरीच्या सवयीकडे कोण लक्ष देतो? तिच्या आईने, कौसल्येनेही कधी दिलं नव्हतं.

कौसल्येच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटून तिचे दोन लोंबते तुकडे झाले होते. लग्नात कबूल केलेल्या टपोऱ्या मोत्यांऐवजी तिच्या वडिलांनी बारीक मोत्यांच्या कुड्या दिल्या, हे तिच्या नवऱ्याला, मनमोहनला, कायम डाचत असे. पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला ती ओवाळायला पुढे झाली, तेव्हा "हे मोती का जोंधळे?" म्हणत त्याने तिच्या कानातली कुडी धरून खसकन ओढली. रक्ताची धार खांद्यावर आली. सासूबाई सुंदराबाईंनी आधी दार लावलं, मग चिंधी आणली. आणि चिंधी बांधता बांधताच ठरवून टाकलं, की पोरीने ओढली. नलू तेव्हा अंगावर पीत होती. ती कुठली नाही म्हणणार?

तेव्हापासून घरात हळदीकुंकू असलं की कौसल्या स्वयंपाकघरात. "ओटी भरायला सवाष्ण अव्यंग लागते," असं सुंदराबाईंचं शास्त्र. ज्याने व्यंग केलं तो बाहेर पाटावर बसून लाडू खायचा, त्याला शास्त्राची आडकाठी नव्हती.

मनमोहनच्या खांद्यावर छप्पन सालच्या आंदोलनातला लाठीचा वळ होता. तो कुणी मारला, कुठे मारला, ही हकिगत वाडीतल्या पोरासोरांना पाठ होती. खोटं कशाला बोला, अन्यायाविरुद्ध खाल्लेला मार होता तो, आणि त्याचा अभिमान रास्तच होता. पण त्याच घरातल्या दुसऱ्या जखमेची खरी हकिगत सांगायला बंदी होती.

साठ सालचा चैत्र उजाडला. मराठी राज्य यायला महिना राहिला होता आणि वैशाखात नणंदेचं, सरोजिनीचं लग्न ठरलं होतं. एके दिवशी सुंदराबाई म्हणाल्या, "कौसल्ये, फाटलेले कान शिवून पूर्वीसारखे करून देणारा डॉक्टर आलाय गिरगावात. लग्नाआधी शिवून टाक. सरूच्या सासरच्या बायका डोळ्यांत तेल घालून बघतील."

कौसल्येला बरंच वाटलं. पुन्हा कुडी घालता येईल, चारचौघींत बसता येईल. नलूला घेऊन दोघी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी पाळी निरखली. "शिवता येईल. पण कडा भरून आल्यात, नुसत्या जवळ आणून शिवल्या तर धरायच्या नाहीत. दोन्ही कडा कापून पुन्हा ओल्या करायच्या, मग टाके. बधिर करून करू." त्यांनी कागद पुढे ओढला. "कसा फाटला?"

"ह्या पोरीने ओढला, तान्ही असताना," सुंदराबाई घाईघाईने म्हणाल्या.

डॉक्टर हसून नलूकडे वाकले. "काय गं, एवढी ताकद?"

नलूने दोन्ही हात चटकन मांड्यांखाली घेतले. "आता मी नाही ओढत. त्या कानाला मी हातच लावत नाही. झोपेत ओढला जाईल म्हणून त्या बाजूला झोपतपण नाही."

उजव्या बाजूला बसणारी, उजव्या कुशीत झोपणारी पोर तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. घराची अब्रू राखायला आपण गप्प बसलो, असं तिला पाच वर्षं वाटत होतं. त्या अब्रूचं ओझं वाहिलं होतं ह्या एवढ्याशा हातांनी! तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग जन्मात कधी आला नव्हता असा राग आला.

"डॉक्टर, हिने नाही ओढला. हिच्या वडिलांनी ओढला. तसंच लिहा."

"वेड लागलं का तुला?" सुंदराबाई ताडकन उठल्या.

कौसल्येने नलूचे हात मांड्यांखालून बाहेर काढले. "तू काही केलं नाहीस गं. आम्ही खोटं बोललो."

"मग टाके कधी घालायचे?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"लग्नानंतर. आधी जुनी कड ओली करायची म्हणालात ना? ती मी घरी करते."

घरी मनमोहन समितीच्या सभेहून नुकताच आला होता. ऐकून लालबुंद झाला. "बाहेर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

"तुमच्या खांद्यावरचा वळ जगाला दाखवता, आणि माझा कान तेवढा झाकायचा?"

"तो पोलिसाचा मार होता!"

"खरंय. त्या पोलिसाला तुम्ही ओवाळत नव्हतात."

त्याचा हात उठला. नलू आईच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि तो हात कुणालाही न लागता खाली आला.

हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाची आत्या, जाईबाई, उष्टी हळद घेऊन आली. साठी उलटलेली सवाष्ण, डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतलेला. कौसल्येने अंबाडा उंच बांधला होता. कान उघडे ठेवून ती पहिल्या पाटावर बसली.

"आत जा," सुंदराबाई कुजबुजल्या. "अव्यंग सवाष्ण लागते."

"व्यंग करणाऱ्याला मांडवात बसवलंय ना? मग मीही बसते."

जाईबाईंची नजर तिच्या कानावर गेलीच. "अगं बाई, कान कसा फाटला? पोराने ओढला वाटतं?"

सगळ्या बायका बघू लागल्या. कौसल्या तोंड उघडणार, एवढ्यात नलू खणखणीत आवाजात म्हणाली, "मी नाही ओढला. बाबांनी ओढला."

"पोर आहे, काहीतरी बरळते," सुंदराबाई म्हणाल्या. कौसल्येने पोरीला गप्प केलं नाही.

जाईबाईंचा हात नकळत पदरावरून स्वतःच्या कानाकडे गेला. मग त्यांनी पदर कानामागे सारला. त्यांच्याही कानाची पाळी तशीच फाटलेली होती. हळदीची वाटी कौसल्येच्या हातात देत त्या म्हणाल्या, "आधी तू लाव."

कौसल्येने सरोजिनीच्या गालाला हळद लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सरू, तुझ्या अंगाला कुणी असा हात लावला तर पहिल्या दिवशी सांग. माझ्यासारखी पाच वर्षं थांबू नकोस."

नलूने वाटीत बोटं बुडवली आणि पिवळा हात आईच्या डाव्या कानाला लावला.

ज्येष्ठात कान शिवला. टाक्यांची बारीक रेघ राहिली. ती कशाची, हे विचारणाऱ्याला कौसल्या खरं सांगते. अब्रूच्या नावाखाली आपण आपल्या घरातल्या कुणाच्या हातांवर काय काय लादलंय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. जाईबाईंनी विचारलं. हळदीहून परत गेल्यावर त्यांनी आपल्या पंचेचाळिशीच्या थोरल्या मुलाला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "बस. माझा कान तू नव्हता ओढलास."