चिलुंबाच्या खांद्याची खाच

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. साध्यासुध्या झोपडीचा नव्हे, डोलीचा. आता मी सोमोएच्या अंगणात आडवा पडून असतो आणि कोंबड्या माझ्यावर येऊन बसतात. एके काळी मात्र माझ्या आधाराने माणूस फिरायचा.

माझा जन्म मनिंगाच्या झाडात झाला. गावच्या सुताराने मला तासून गुळगुळीत केले, कापडाची झोळी बांधली आणि त्या झोळीत तेव्हा आमच्या मुलखावर राज्य करणारा जर्मन साहेब बसला. मला चार माणसे उचलायची. ती निवडायचा नंबुंगा, साहेबाने नेमलेला गावचा मुखिया. माणसे दिली नाहीत तर चाबूक त्याच्याच पाठीवर पडायचा, हे मी पाहिले आहे. पण माणसे धरायला तो आपल्या भावकीच्या दारात कधी गेला नाही, हेही पाहिले आहे. तो नेहमी नदीपलीकडे, लिकापा घराण्याच्या दारात जायचा.

तिथला चिलुंबा तीन वर्षे माझ्याखाली होता. त्याचा खांदा घासून घासून माझ्या अंगावर खाच पडली. चौथ्या वर्षी डोंगर चढताना तो एका झाडाखाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याला वाटेच्या कडेला ठेवले, दुसऱ्याचा खांदा लावला आणि सगळे पुढे निघाले. मीसुद्धा पुढे गेलो, मित्रांनो. लाकडाला थांबता येत नाही, असे मी स्वतःला सांगतो.

साहेब गेले, झोळी कुजली. नंबुंगाने मला घरात आढ्याखाली टांगले. म्हातारपणी तो नात सोमोएला मांडीवर घेऊन आंबा भरवायचा. तिने त्याच्याइतकी माया कुणावर केली नाही. पुढे ती दर ईदला मला खोबरेल चोळायची आणि नातवंडांना सांगायची, "आपला आजा एवढा मोठा, की डोलीतून फिरायचा!" खाच आली, की तिचा हात तिथून भरभर सरकायचा. कुणी विचारलेच, तर म्हणायची, "वाळवी लागली होती रे."

गेल्या वर्षी सोमोएचा भाऊ वारला. आमच्याकडे प्रत्येक घराण्याला थट्टेचे सोयरे असतात. मयताला तेच कबर खणतात आणि वाटेल ते बोलून रडणाऱ्यांना हसवतात. त्यांच्यावर चिडायचे नाही, त्यांचे बोलणे खरे धरायचे नाही, हा नियम. नंबुंगांचे असे सोयरे म्हणजे लिकापा. चिलुंबाची नात ताउसी काठी टेकत आली. तिने मला खाली काढायला, दोन उखळांवर आडवे ठेवायला लावले आणि वर ऐसपैस बसली.

"उचला गं मला, नंबुंगाच्या लेकींनो! तुमच्या आज्याने आमचे आजे पळवले, आता मला घरी पोचवा. आणि हळू हं, मी साहेबापेक्षा नाजूक आहे!"

"नाजूक कसली, भोपळा आहेस भोपळा!" मागून कुणीतरी ओरडले. सगळे हसले. प्रत्येक मयताला असेच हसतात.

सोमोए हसली नाही. ती वाकली आणि तिने माझ्याखाली खांदा घातला. खाच तिच्या खांद्यावर नेमकी बसली.

"अगं, सोड! थट्टा आहे ती," ताउसी वरून म्हणाली.

"कळतंय मला."

"मग उचलतेस कशाला?"

सोमोएने खांदा आणखी आत सरकवला. "वाळवी नव्हती ती," ती म्हणाली.

लिकापांच्या माणसांनी कुदळी खाली टाकल्या. थट्टा खरी धरली म्हणजे सोयरीक मोडली. आता कबर कोण खणणार? भाऊ आत चादरीखाली होता आणि ऊन डोक्यावर आले होते.

"काय केलंस हे, सोमोए?" ताउसी खाली उतरली. तिचा आवाज फाटला होता. "थट्टा म्हणून तीन पिढ्या आम्हाला बोलता आलं. तू खरं केलंस, तर मला रडावं लागेल. आणि आमच्या आज्याला कुठे टाकलं, ते तर मला ठाऊकही नाही."

मला ठाऊक होते. पण मला आवाज नव्हता.

ताउसी रडली. चिलुंबासाठी मयताचे रडणे आजवर कुणी रडले नव्हते. सोमोए तिच्या शेजारी बसली. ताउसीने तिचा हात धरला नाही, पण तिला ऊठही म्हटले नाही. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसले आणि आपल्या माणसांना हाक दिली, "कुदळी घ्या रे. मयत खोळंबलंय."

कबर खणली गेली. पण थट्टा पुन्हा कुणी केली नाही. थट्टेवाचून झालेले आमच्या गावातले ते पहिलेच मयत.

तेव्हापासून मी अंगणात आहे. सोमोएचा मुलगा म्हणतो, जाळून टाकू. सून म्हणते, रंग देऊन दारात उभा करू. सोमोए दोघांनाही नको म्हणते, आणि आजोबांची आठवण आली की अजूनही माझ्यापाशीच येऊन बसते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, जपा. पण पुसताना बोटाला खाच लागली, तर हात भरभर सरकवू नका. ही कुणाच्या खांद्याची, असे विचारा. सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारा. चिलुंबा ज्या झाडाखाली बसला, ते झाड मला अजून दिसते. पण मला विचारून उपयोग नाही. मी लाकूड आहे.