एक्केचाळीस मण्यांची माळ

ताई आणि मी एकाच प्रयोगशाळेत होतो. ती काचघरात रोपं वाढवायची, मी संगणकावर त्यांच्या जनुकांची यादी करायचे. तिचे हात मातीत आणि माझं नाक वर.

एका ट्रेमधली रोपं पाणी थोडं कमी पडलं की इतरांच्या आधी माना टाकत. ताईने महिनाभर त्यांच्यावर डोळा ठेवला, त्यांच्या डीएनएतली बिघाडाची नेमकी जागा शोधून घेतली आणि भर बैठकीत मला विचारलं, "इथे कुठलं जनुक आहे गं?"

"काहीच नाही, रिकामी जागा आहे," मी म्हटलं. "पाणी घालायला विसरली असशील."

सगळे हसले. मीही हसले, ते जास्त वाईट.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, जनुक म्हणजे ती ओवायची कृती. शंभर मण्यांहून छोटी माळ असेल तर तिचं जनुक यादीत घ्यायचंच नाही, हा नियम माझा. नाहीतर कचरा फार येतो. त्या ट्रेचं बी टाकून देण्याच्या कागदावर सहीही माझीच. ताईने त्याच आठवड्यात नोकरी सोडली आणि माझ्याशी बोलणंही. राग उतरला की येईल, म्हणून मी सहा वर्षं थांबले. स्वतः मात्र गेले नाही. गेले ती तिला स्मशानात पोचवायलाच.

त्यानंतर तीन महिन्यांनी आमच्याकडे छोट्या माळाही पकडणारं यंत्र आलं. ताईच्या 'रिकाम्या' जागेवर एक्केचाळीस मण्यांची माळ निघाली. मुळांना पाणी कमी पडलं की पानांपर्यंत निरोप नेणारी: छिद्रं मिटा, आहे तेवढं पाणी जपा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

आता निदान या शोधावर तिचं नाव लागायला हवं होतं. पण सिद्ध करायला त्याच ट्रेचं बी लागणार होतं, आणि ते मी कचऱ्यात घातलं होतं. वेडी आशा धरून भावोजींकडे गेले.

भावोजींनी कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत सहा पाकिटं, सहा वर्षांची.

"निघताना मूठभर बी घेऊन आली होती," ते म्हणाले. "दर वर्षी बाल्कनीत लावायची, ताजं बी धरायची. मी म्हणायचो, कशाला हा व्याप? तर म्हणायची, 'धाकटी हट्टी आहे, पण आंधळी नाही. येईल एक दिवस विचारायला. तेव्हा बी जुनं निघायला नको.'"

"मग मला एक फोन का नाही केला तिने?"

भावोजींनी डबा माझ्याकडे सरकवला. मी एक पाकीट उलटं केलं. मागे तारीख होती आणि खाली ताईच्या अक्षरात एकच ओळ: 'पाणी वेळेवर घातलं आहे.'

दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. सहाही पाकिटांवर तेच लिहिलं होतं.