देवी एकोणपन्नास म्हणाली

केंदूरच्या मांडवात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कारेगावहून कंपनीची पोरं युनिफॉर्मवरच आली होती. वढूला दर्शनाला निघालेली एक जीपसुद्धा वाट वाकडी करून थांबली होती. पुढे पाटावर हिरवं लुगडं, मोकळे केस, कपाळभर मळवट. डोळे अर्धवट मिटलेले. म्हणजे देवी. आणि तिच्या शेजारी, माइक हातातून न सोडणारे अंकनाथ महाराज.

"दोन आकडी संख्या धरा मनात," महाराज सांगत होते. "सत्त्व, रज, तम, हे तीन गुण. म्हणून तोच आकडा तीनदा मांडायचा आन् गुणाकार करायचा. मोबाइल काढा, बिनधास्त करा. उत्तर तेवढं मोठ्यानं सांगा. मूळ आकडा माझी देवी सांगंल."

कंपनीतल्या एका पोरानं उठून वाचलं, "चौऱ्याहत्तर हजार अठ्ठ्याऐंशी."

महाराजांनी देवीच्या कपाळी अंगाऱ्याचं बोट ओढलं. देवी जराशी डुलली.

"बे... चाळीस."

पोराचा जबडा खाली आला. खरंच बेचाळीस. मांडवात हात जोडले गेले, बायकांनी पदर पसरले, कुणीतरी घंटा बडवली. माझं मात्र डोकं तापलं होतं, कारण ती देवी माझ्या वर्गातली होती. अक्षदा. दहावीला मी, गौतमी मॅडमनं, तिला गणित शिकवलं होतं. शिरूरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला तिचं नाव लागलं होतं आणि प्रवेश पक्का करायचा उद्याचा शेवटचा दिवस होता. आणि हे महाराज कार्यक्रम उरकला की तिला गाडीत घालून दौंडकडे, भीमेकाठच्या आपल्या मठात नेणार होते. कायमची. "देवी घरात ठेवत न्हाईत," असं त्यांनी तिच्या बापाला सांगितलं होतं.

हे महाराज वर्षा-दोन वर्षांमागं कारेगावात मोबाइलला रिचार्ज मारून द्यायचे. तेव्हा त्यांना पोपटराव म्हणत. ते नाव आता घेतलेलं त्यांना चालत नाही.

मी अक्षदाच्या वडिलांना, ज्ञानदेवभाऊंना, मांडवाच्या कडेला गाठलं. अक्षदा त्यांना दादा म्हणते.

"भाऊ, उद्या प्रवेश बंद होतोय."

"मॅडम, तुमचा मान हाय. पण देवी काय बाकावर बसंल व्हय?"

"अहो, ती गणित करतेय. स्वतः करतेय."

भाऊ माझ्याकडं बघून हसले. वाईट हसणं नव्हतं ते, लहान मुलाची समजूत घालावी तसं होतं. "लाखाचे आकडे, मॅडम. आमच्या घराण्यात गड्यांना कवा जमलं न्हाई. पोरीच्या डोक्यात कुठनं येणार?"

घ्या. पोरीच्या अंगात देवी आली हे पटतं. पोरीच्या अंगात अक्कल आहे, हे मात्र पटत नाही. बाजूला अक्षदाची आई ताईबाई उभी होती. ती पदराचं टोक पिळत होती.

मला तिथं उभं राहवेना, बाहेरही पडवेना. तेवढ्यात देवीनं आणखी एक उत्तर दिलं, "ते... वीस." आणि मी कान टवकारले. आकडा बरोबर होताच, पण बोलताना मध्ये एक फट होती. बे, मग चाळीस. ते, मग वीस. मराठीत आपण आकडा मागून पुढं बोलतो, आधी एकक आणि मग दशक. ही पोरगी आधी शेपूट शोधत होती, ते मिळालं की उच्चारत होती, मग धड शोधत होती. देवीला असं तुकड्यातुकड्यांनी बोलायची काय गरज?

मी पुढं गेले. "मी विचारू का?"

"विचारा की मॅडम," महाराज माइकवरनं म्हणाले. "शिकलेल्यांचा ताठा बी देवी उतरवती."

"पन्नास हजार सहाशे त्रेपन्न."

"सद... तीस."

तिला श्वास घेऊ न देता मी पुढचा टाकला. "दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस."

"चौ... सष्ट."

तिच्या ओठांवर पांढरी पापडी आली होती. देवी म्हणून सकाळपासून पोरीला उपाशी ठेवलं होतं. आणि अशा पोरीला मी घाईला आणत होते. मला ते अजिबात बरं वाटत नव्हतं, पण बाहेर गाडी उभी होती.

"दोन लाख पाच हजार तीनशे एकोणऐंशी."

"एकोण... पन्नास."

घंटा वाजली. मी हात वर केला. "थांबा. मोबाइलवर तपासा. एकोणपन्नास तीनदा."

मघाचाच पोरगा बोटं चालवत होता. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, एक लाख सतरा हजार काहीतरी येतंय."

"आता एकोणसाठ घालून बघ."

"दोन लाख पाच हजार तीनशे एकोणऐंशी. हे बरोबर हाय."

महाराजांनी माइक तोंडाजवळ घेतला. "मॅडमच्या मनात देवच न्हाई. ह्यांची वस्तीच वेगळी. म्हणून देवी रुसली."

हा टोला कुठं लागतो ते मला ठाऊक होतं. लागलाही. "देवाबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही, पोपटराव," मी म्हणाले. "गुणाकाराबद्दल बोलतेय. रुसलेली देवी भलतंसलतं काहीही बोलली असती. ही बरोबर एका दशकानं चुकली. का चुकली, सांगू? शेवटी नऊ दिसला की तोंडात 'एकोण' येतं. पुढं पाच सापडला की 'पन्नास' येतं. पण एकोणसाठात पाच ऐकू तरी येतो का? ही चूक मराठी शाळेतल्या पोराचीच. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आजही इथंच आपटतात. देवीला केंदूरच्या शाळेत मी शिकवलेलं नाही."

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

मग मी सगळं फोडून सांगितलं. दोन आकडी संख्या तीनदा गुणली, की उत्तराचा शेवटचा आकडा मूळ संख्येचं एकक सांगून टाकतो. शून्य, एक, चार, पाच, सहा, नऊ जसेच्या तसे राहतात. दोनचा आठ होतो नि आठचा दोन, तीनचा सात नि सातचा तीन. दोनदाच गुणलं असतं तर तीनच्याही शेवटी नऊ आला असता नि सातच्याही, सगळा घोळ झाला असता. म्हणून तीनदा. तीन गुणांचा त्यात काडीचा संबंध नाही. मग उत्तराचे शेवटचे तीन आकडे झाकायचे आणि उरलेल्यात कोणत्या आकड्याचा घन, म्हणजे तीनदा गुणलेलं उत्तर, मावतो ते बघायचं; मावणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे दशक. एक, आठ, सत्तावीस, चौसष्ट, असे नऊपर्यंतचे घन पाठ असले की झालं.

"महाराज," मी म्हणाले, "अंगारा तुमचाच आहे. लावा कपाळाला आणि तुम्ही सांगा एक."

महाराज माइकची वायर हलवून बघायला लागले. खरखर होतेय म्हणाले.

"बरं, मग ताईबाई सांगतील."

ताईबाई दचकली. "मी? मी काय सांगणार मॅडम, मी सातवीतनं सुटले."

"पाच हजारांच्या आतला देते. चार हजार नऊशे तेरा. शेवटी काय?"

"तीन." ती थांबली. तिची बोटं पदराखाली हलत होती. "म्हंजी... सात. आन् पुढं चार ऱ्हातोय. चारात आठ मावत न्हाई, एकच मावतोय." तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. "सतरा व्हय?"

कंपनीच्या पोरानं मोबाइल वर धरला. सतराच होतं.

तेव्हा पाटावरची अक्षदा पूर्ण डोळे उघडून आईकडं बघत होती. तिला रडू फुटलं. "मी बाजारात कांदे निवडताना शोधलं हे. मोबाइलवर करता करता. दादांना पहिल्यांदा सांगितलं तवा म्हणले, कॉपी करती. समदी हसली. ह्या महाराजांनी देवी म्हणल्यावर मग माझं ऐकाया लागली. मला वाटलं, ऐकत्यात तर ऐकू द्यावं. पण मला मठात न्हाई जायचं."

फ्रान्समध्ये दोनशे वर्षांपूर्वी सोफी जर्मेन नावाची बाई गणित करायची आणि पुरुषाचं नाव लावून विद्वानांना पत्रं धाडायची. बाईचं नाव दिसलं तर पत्र कोण वाचणार? माझ्या केंदूरच्या पोरीनं देवीचं नाव लावलं, फरक तेवढाच. मला संतापही आला नि भडभडूनही आलं.

ज्ञानदेवभाऊ उठले. पाटापाशी जाऊन उकिडवे बसले. "आक्षे, हे समदं तूच?"

"मीच."

"कुणी शिकवलं न्हाई?"

"न्हाई दादा."

भाऊ गळ्यातल्या उपरण्यानं तिच्या कपाळाचा मळवट पुसायला लागले. तो नीट निघेना, सगळ्या तोंडाला फासला गेला. "भूक लागली आसंल तुला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. महाराजांची गाडी मागच्या अंगानं कधी निघून गेली ते कुणी बघितलं नाही.

सगळं काही सुतासारखं सरळ झालं, असं मी सांगणार नाही. मांडवातून निघताना एक म्हातारी अक्षदाच्या पायाशी वाकलीच. "हुशार देवी हाय," म्हणाली. अक्षदानं पाय मागं घेतले. "देवी न्हाई आज्जी. उद्या शिरूरला जाणार हाय मी, कॉलेजात," तिनं सांगितलं. म्हातारीला ते पटलं की नाही कोण जाणे. आणि अशा किती पोरी आत्ता कुठल्या कुठल्या पाटावर डोळे मिटून बसल्या असतील, या विचारानं मला अजून स्वस्थता नाही.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. घरातल्या मुलीला एखादी अवघड गोष्ट आली, तर अंगारा शोधू नका, हात जोडू नका आणि हसूही नका. तिच्या शेजारी बसा आणि विचारा, "हे तू कसं केलंस?" ती सांगेल. तिला सांगायचंच असतं.