दोन प्रती

दगडावर अक्षरं कोरायचं दुकान खाली होतं, घर वर. सासऱ्यांचे हात थरथरायला लागल्यापासून कोरणीचं यंत्र सून चालवायची. सासरे वरच्या कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून ठेवायचे. दोन्ही कॉम्प्युटर तारेने जोडलेले होते. अक्षरं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये ‘उघडा’ म्हटलं की वरचे फोल्डर खालीही दिसायचे. यंत्राचा प्रोग्रॅम मात्र विहिरीतला बेडूक. आपल्या डिस्कपलीकडे काही असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून ती फाइलची प्रत आधी खाली उतरवून घ्यायची.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने बायकोच्या कबरीसाठी दगड सांगितला होता. सुनेने प्रत उतरवून घेतल्यावर त्याचा वर फोन आला, आणखी एक ओळ हवी म्हणून. सासऱ्यांनी ती वरच्या फाइलमध्ये घातली आणि निश्चिंत झाले.

दगड कोरून झाल्यावर ते जिना उतरून आले, आणि बघतच राहिले.

“लेकीची ओळ कुठंय?”

“कसली ओळ, बाबा?”

त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोला एक मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आधीच गेली.

सुनेने खालची प्रत उघडून पाहिली; तिच्यात ती ओळ नव्हती.

“मला वाटलं, फाइल एकच आहे,” सासरे म्हणाले.

“एकच होती. मीच तिच्या दोन केल्या.”

म्हाताऱ्याला बोलावून तिने काहीही न लपवता सांगितलं. नवा दगड देऊ म्हणाली. त्याने दगडावरून हात फिरवला.

“ह्याच्यावरच थोडी जागा निघेल का?”

तळाशी बोटभर होती, पण इतक्या कडेला यंत्र पोचत नव्हतं. सासऱ्यांनी छिन्नी मागितली. त्यांचा छिन्नीचा हात सुनेने घट्ट धरून ठेवला, हातोडी त्यांनी मारली. अक्षरं बारीक आली, एक जरा तिरकं: ‘आणि त्यांची लेक’.

म्हाताऱ्याने वाकून वाचलं.

“लोक विचारायचे, मूलबाळ काय? आम्ही ‘नाही’ म्हणायचो. हिला ते फार लागायचं.”

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरवाल्याने वरचा फोल्डर खालच्या कॉम्प्युटरला डिस्कसारखा जोडून दिला. आता यंत्राच्या प्रोग्रॅममध्येही तो दिसतो. तरी कोरायला घेण्याआधी सून जिन्याशी जाते.

“बाबा, काही बदललंय का?”