चौथी भिंत सिनेमात दिसत नाही

माझ्या मोठ्या भावाने एक सिनेमा एकसष्ट वेळा पाहिला आणि बासष्टाव्या वेळी माझी भिंत पाडली.

सिनेमा तसा साधा आहे. एक खोली, एक इन्स्पेक्टर, एक संशयित, दोन तास. इन्स्पेक्टर एकही प्रश्न विचारत नाही. नुसता बसून राहतो. समोरच्या माणसाला ती शांतता सोसत नाही आणि शेवटी तो सगळं कबूल करतो, अगदी चौथीत चोरलेल्या फुटपट्टीसकट.

दादा विमा कंपनीसाठी दाव्यांची चौकशी करतो. घरूनच, व्हिडिओवर. ज्यांचं दुकान जळलं, ज्यांची गाडी चोरीला गेली, जे जिन्यावरून पडले, असे लोक एकामागून एक स्क्रीनवर येतात आणि त्याला गंडवून जातात.

"लोक माझ्याशी खोटं बोलतात," एकदा जेवताना तो म्हणाला, "कारण माझ्या मागे कपड्यांचं कपाट दिसतं."

"लोक तुझ्याशी खोटं बोलतात," मी म्हणालो, "कारण पुढे तुझं तोंड दिसतं."

भांडण इथून सुरू झालं असं आई म्हणते. माझ्या मते ते मी जन्मलो त्या दिवशीच सुरू झालं. दादा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि मला बघून त्याने "हे परत कधी द्यायचं?" असं विचारलं होतं. आई हा किस्सा अजूनही कौतुकाने सांगते. दादा अजूनही उत्तराची वाट बघतोय.

तर दादाने त्याची कामाची खोली सिनेमातल्या खोलीसारखी करायला घेतली. त्यासाठी जे सुतार आणले त्यांनी चाळीस वर्षं नाटकांचे सेट उभे केले होते. आम्ही त्यांना पुढूनकाका म्हणायचो. कारण कुठलीही वस्तू तयार झाली की ते दोन पावलं मागे जायचे आणि म्हणायचे, "पुढून बघा. पुढून."

पुढून सगळं झकास होतं. कपाटाला सहा खण होते आणि एकही उघडत नव्हता, कारण ते खण नव्हते, खणांची तोंडं होती. खिडकीबाहेर रंगवलेला जिना होता. छताला टांगलेला दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जाईल अशा बेताने खाली सोडला होता. भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सिनेमात दोन तास चार वाजून दहा मिनिटंच होतात. हा दिग्दर्शकाचा विसराळूपणा आहे असं मी म्हणालो. ही कला आहे असं दादा म्हणाला. मी गुपचूप घड्याळात सेल घातला. त्याने काटे डिंकाने चिकटवले.

इथपर्यंत माझं काही बिघडत नव्हतं. मी भिंतीपलीकडच्या खोलीत माझं काम करत होतो. मी कपडे धुण्याच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत तक्रारी ऐकतो. लोक मला फोनवर शिव्या देतात आणि मी "आपली अडचण समजली" म्हणतो. घरात मिळालेलं प्रशिक्षण असं कामी येतं.

आमच्या कंपनीने ऑफिसची इमारत सोडून दिली तेव्हा एक नियम आणला. प्रत्येकाच्या खोलीला चार भिंती हव्यात, बंद होणारं दार हवं आणि आत दुसरं कुणी नको. हे सगळं एक बाई व्हिडिओवरून तपासते. पहिल्या तपासणीत मी नापास झालो, कारण मधेच आई दार न वाजवता आत आली आणि बाईंना विचारलं, "तुमचं जेवण झालं का?" दुसऱ्यांदा नापास झालो तर नोकरी जाणार होती. म्हणजे मला घरी बसवणार होते. मी घरीच बसलो होतो, पण पगारावर बसणं आणि आईच्या नजरेसमोर बसणं यात फरक आहे.

दुसरी तपासणी सोमवारी होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी मी दात काढून घ्यायला गेलो, दोन तासांनी परत आलो आणि माझ्या खोलीचं दार उघडलं, तर समोर दादा. टेबलाशी बसलेला. दिव्याखाली. आमच्यामध्ये फक्त धूळ होती.

"भिंत कुठाय?" मी विचारलं. अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे प्रश्न नीट उमटला नसावा.

"ती सिनेमात नाहीये," दादा म्हणाला. "मी बासष्टाव्यांदा नीट बघितला. तीन भिंती दिसतात. चौथी एकदाही दिसत नाही."

"कारण तिथे कॅमेरा आहे!"

दादाने माझ्याकडे, माझ्या पलंगाकडे आणि पलंगावरच्या न घडी केलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

"मग तू कॅमेऱ्याच्या जागी आहेस," तो म्हणाला. "फार हलू नकोस."

मी आईकडे गेलो. आई भाजी निवडत होती. तिला सगळं आधीच माहीत होतं.

"मला विचारून पाडली त्याने," ती म्हणाली. "म्हटलं, पाड. तुम्ही दोघं दोन खोल्यांतून भांडता, मला मधे उभं राहून ऐकावं लागतं. एका खोलीत भांडलात तर इथे बसून ऐकू येईल."

पुढचे तीन दिवस आईची चांगली सोय झाली. मी फोनवर "आपली अडचण समजली" म्हटलं की पलीकडून दादा म्हणायचा, "याला काही समजत नाही हो." दादा एखाद्या जिन्यावरून पडलेल्या माणसासमोर गंभीर शांतता पाळायला लागला की मी कॅमेऱ्याच्या जागेवरून चकल्यांचा डबा उघडायचो, आणि मग बंद करायचो, आणि मग पुन्हा उघडायचो. शुक्रवारी त्याने दिवा फिरवून माझ्या डोळ्यांवर सोडला. मी त्याची बनावट खिडकी उघडायचा प्रयत्न केला आणि ती रंगवलेल्या जिन्यासकट माझ्या हातात आली.

"तुझी नोकरी गेली ना," दादा खिडकी परत लावत म्हणाला, "की मी पेढे वाटीन."

"सोमवारी माझी तपासणी आहे, दादा. चार भिंती लागतात."

"तुझ्याकडे तीन आहेत. माझ्याकडे तीन आहेत. एकूण सहा झाल्या. तुला दोन जास्तच पडतात."

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. मी पुढूनकाकांना फोन केला.

"काका, एक भिंत हवीय. सोमवारी सकाळपर्यंत. दादाला कळू न देता."

"कशी हवी?"

"भिंतीसारखी."

"पुढून?" ते म्हणाले, आणि मी घाईघाईत "हो हो, पुढून" म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या चुकांची यादी केली तर ही वरून तिसरी येईल.

सोमवारी सकाळी दादा फिरायला गेला आणि काका दोन माणसांसह भिंत घेऊन आले. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्यावर रंग. वीस मिनिटांत जिथे विटा होत्या तिथे भिंत उभी राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जवळजवळ छतापर्यंत. मी माझ्या पलंगापाशी उभा राहून पाहिलं. मला उघड्या पट्ट्या दिसल्या, तिरके टेकू दिसले, खिळ्यांची टोकं दिसली आणि कापडावर पेन्सिलीने लिहिलेलं "मागची बाजू" दिसलं.

"काका, ही उलटी लावलीत."

"सुलटी आहे. या इकडे. पुढून बघा."

मी बाहेरून वळसा घालून दादाच्या खोलीत गेलो. तिथून भिंत अप्रतिम होती. ओल धरलेली, हिरवट, एका कोपऱ्यात रंगाचा पोपडा सुटलेला. सिनेमातल्या बाकीच्या तीन भिंतींची सख्खी बहीण.

"पण मला माझ्या बाजूने हवी होती!"

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "चाळीस वर्षांत," ते म्हणाले, "भिंतीचं तोंड सेटकडे नाही असं एकदाही झालं नाही. सेट या बाजूला आहे. तुमच्या बाजूला पलंग आहे."

"फिरवता येईल?"

"येईल. उद्या."

तपासणी अकराला होती. पावणेअकरा झाले होते. चार भिंती आणि बंद होणारं दार असलेली घरात एकच खोली होती, आणि तिच्या दारात आता घामाघूम दादा उभा होता.

"कुणी केलं हे?" तो म्हणाला.

"मला पंधरा मिनिटं दे खोली. फक्त पंधरा."

"ही माझ्या सिनेमात नाहीये!"

"दादा, माझी नोकरी जाईल."

"पेढ्यांची ऑर्डर देतो."

तेवढ्यात भिंत हलली. ती जमिनीला ठोकलेली नव्हती. फरशीला खिळा मारायचा नाही असा काकांचा बाणा होता, आणि सेटवर टेकूंवर ठेवायला वाळूच्या पिशव्या असतात, त्या त्यांनी आणल्या नव्हत्या. भिंत दादाकडे झुकली, विचार केला आणि परत गेली. हात पुसत आई आली. तिने भिंत बघितली, मला बघितलं, दादाला बघितलं.

"तू त्याची भिंत पाडलीस ना?" ती दादाला म्हणाली. "मग ही तू धर."

"आई, पण मी—"

"पलीकडे जा आणि धर. श्वास जपून घे."

दादाने मला जन्मल्यापासून जसं बघितलंय तसंच बघितलं आणि पलीकडे गेला. कापडातून त्याच्या डोक्याचा फुगवटा दिसायला लागला. "खाली वाक," मी कुजबुजलो. फुगवटा खाली गेला. जाताना त्याने मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही, कारण ती आमच्या दोघांच्या आईला लागू पडते.

अकराला तपासणीबाई स्क्रीनवर आल्या. चेहरा दमलेला, मागे राखाडी काहीतरी. मी दादाच्या खुर्चीत, दिव्यामागे. त्यांनी खोली बघितली. बराच वेळ बघितली.

"दार बंद करा." केलं. "भिंती दाखवा." दाखवल्या, चारही. "आता एकेक वाजवून दाखवा."

पहिली वाजवली, विटांची. दुसरी, विटांची. तिसरी, विटांची. मी परत खुर्चीत येऊन बसलो.

"चौथी राहिली."

चौथी वाजवली असती तर ढोल वाजला असता, आणि ढोलाच्या आतून दादा ओरडला असता. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी काहीच बोललो नाही. नुसता बसून राहिलो. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं होती. दिवा किंचित हलत होता.

"चौथी," बाई पुन्हा म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

मी बसून राहिलो.

"असं का बघताय?" त्या म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी बसून राहिलो.

"हो, मी गाडीत बसलेय," बाई म्हणाल्या. "चार महिने झाले. ही मागे दिसतेय ती सीट आहे. माझ्या खोलीला दारच नाही, पडदा आहे. सासूबाई पडद्यातून हात घालून चष्मा मागतात. मी जगाच्या खोल्या नापास करते आणि स्वतः पार्किंगमध्ये बसते. तुमच्या आईने मला जेवण झालं का विचारलं, तेव्हा झालं नव्हतं. म्हणून चिडून नापास केलं तुम्हाला." त्यांनी डोळे पुसले. "आणि शाळेत असताना मी बाकावरच्या मुलीचं खोडरबर..."

चौथ्या भिंतीतून एक हुंदका आला.

"काय होतं ते?"

मी काहीच बोललो नाही.

"मीच असेन," बाई म्हणाल्या. "पास आहात तुम्ही. ही खोली नोंदवतेय, फोटोसकट. यापुढे रोज नऊ ते सहा याच खोलीतून काम करायचं. मी कधीही न सांगता बघीन. दुसरं माणूस दिसता कामा नये." आणि स्क्रीन बंद झाली.

वळसा घालून दादा धावत आला. त्याचे डोळे ओले होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी आनंदाने बोलला.

"चालते! बघितलंस ना, चालते ही खोली! खोडरबर, अरे! फुटपट्टीच्या जागी खोडरबर!"

"चालते," मी म्हणालो. "सहानंतर चालव तू."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने आईला हाक मारली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि भाजीकडे वळत म्हणाली, "त्याच्या फोटोत तू नाहीस, बाबा. मी काय करू?"

त्याला दोन महिने झाले. दादा आता माझ्या पलंगावर बसून चौकशी करतो. त्याच्या मागे उघड्या पट्ट्या, टेकू आणि "मागची बाजू" एवढं दिसतं. लोक त्याच्याशी पूर्वीपेक्षा मोकळेपणाने खोटं बोलतात. परवा एका माणसाने त्याला सांगितलं की त्याची मोटारसायकल चोराने चोरली, परत आणून ठेवली आणि मग जाळली. दादाने इन्स्पेक्टरसारखी शांतता पाळली. त्या माणसाने तेवढ्या वेळात आणखी एक मोटारसायकल गमावली.

काल दुपारी कापडावर टकटक झालं. ढोलासारखं वाजतं ते.

"ऐक," दादा पलीकडून म्हणाला. "विटांची बांधून घेऊ परत. पुढूनकाका नको, गवंडी बोलवू. खरी भिंत. मला पण मागे काहीतरी धड दिसायला हवं रे."

मी फोनवर होतो. एक बाई सांगत होत्या की त्यांच्या मशीनने नवऱ्याचा शर्ट खाल्ला. मी त्यांना एक मिनिट थांबायला सांगितलं.

"दादा," मी म्हणालो, "सिनेमात ती भिंत नाहीये."

मग कापडाच्या मधोमध डोक्याचा फुगवटा आला आणि तिथेच टेकून राहिला. मी खुर्ची मागे सरकवली, तिची पाठ बरोबर त्या फुगवट्याला लावली आणि बाईंना म्हणालो, "बोला, आपली अडचण समजली."